फॉरमॅट मारूनही कॉम्प्युटर बंद पडतोय? आधी वही काढा

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला दोन महिन्यांत दोनदा फॉरमॅट मारून झाला. मी नाही मारला, आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने मारला. "विंडोज करप्ट झालीय काका, फॉरमॅट मारून देतो, मक्खन चालेल." दोन्ही वेळा आठ-दहा दिवस खरंच मक्खन चालला. मग एका रात्री निळी पाटी (सगळा पडदा निळा करून विंडोज दाखवते तो बिघाडाचा संदेश) आली आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "परत?"

त्या मुलाला मी नावं ठेवत नाही. अर्ध्या तासाच्या व्हिजिटमध्ये तो दुसरं करणार तरी काय? तीन दिवसांतून एकदा येणारा बिघाड तो असताना येतच नाही. तो बघायला घरचाच माणूस लागतो. म्हणून शेवटी मी मुलीची एक अर्धवट वापरलेली वही घेतली आणि कॉम्प्युटरशेजारी पेन बांधून ठेवलं. पुढे जे निघालं ते सविस्तर लिहितोय, कारण मला ओळखीत किमान चार जण असे माहीत आहेत जे याच चक्रात फिरतायत.

वहीतली पहिली सहा टिपणं जशीच्या तशी:

४ जून, रात्री ९.४०. ब्राउझरमध्ये पंधराएक टॅब. निळी. मेमरी मॅनेजमेंट.
७ जून, सायं. ६.०५. कोणी बसलेलंही नव्हतं. निळी नाही, थेट काळोख. बटण दाबून चालू केला.
८ जून, दु. ३.१५. एक्सेल आणि व्हिडिओ. निळी. आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल.
११ जून, सायं. ६.१०. थेट काळोख.
१२ जून, रात्री ११. फोटो कॉपी करताना. निळी. पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया.
१५ जून, सायं. ६.०५. मुलीचा ऑनलाइन क्लास. थेट काळोख. घरात भांडण.

दोन महिने मी याला एकच आजार समजत होतो. पान समोर आल्यावर एका मिनिटात दिसलं की हे दोन वेगळे आजार आहेत. निळी पाटी कधीही येते आणि दर वेळी वेगळं कारण सांगते. काळोख मात्र घड्याळ लावल्यासारखा सहाला येतो. हे बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सहाला सोसायटीची पाण्याची मोटर लावतात ना, ट्यूबपण मिचकते तेव्हा." फॉरमॅटचे पैसे तिला द्यायला हवे होते.

तर पहिलं काम हेच. बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं ते वेगळं करा. निळी पाटी येते, की थेट वीज गेल्यासारखा जातो, की चित्र गोठतं आणि माउस हलेनासा होतो? तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत निळी पाटी काळी झालीय, तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली तर ती "निळी"च समजा. नुसता काळोख म्हणजे एक अक्षरही नसणं.

निळी पाटी म्हणजे विंडोजने स्वतःहून लावलेला ब्रेक असतो. सिस्टिमच्या गाभ्यात असं काही बिघडलं की पुढे चालत राहिलं तर तुमच्या फायलींची वाट लागेल, म्हणून ती थांबते आणि जाताना एक चिठ्ठी सोडते. थेट काळोखात चिठ्ठी लिहायलाही वेळ मिळालेला नसतो. म्हणून तिथे सहसा विंडोजचा दोष नसतो, संशय वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा तापमानावर जातो.

पाटी वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होत असेल तर स्टार्टमध्ये "ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज" शोधा, स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जा आणि "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट"समोरची खूण काढा. आता पाटी तुम्ही बटण दाबेपर्यंत थांबेल, मोबाइलने फोटो काढता येईल. त्याच खिडकीत "स्मॉल मेमरी डम्प" निवडून ठेवा, म्हणजे प्रत्येक निळ्या पाटीची एक छोटी फाइल विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनिडम्प नावाच्या फोल्डरमध्ये जमा होते. कोणा हुशार भाच्याने मशीन फास्ट करायला व्हर्च्युअल मेमरी (डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरायची सोय) बंद केली असेल तर ती परत सुरू करा. ती नसेल तर ही फाइल बनतच नाही.

जुने प्रसंग बघायचे असतील तर स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" एवढं टाइप करा. रिलायबिलिटी हिस्टरीचा आलेख उघडतो, दिवसवार लाल फुल्या असतात. त्या दिवशी कोणतं अपडेट आलं, कोणतं सॉफ्टवेअर टाकलं, तेही त्याच रांगेत दिसतं. विंडोजमधली ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित खिडकी आहे.

त्याहून खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे लाल खुणेची "कर्नल-पॉवर, ४१" अशी नोंद सापडेलच. इथे हमखास फसगत होते. पॉवर हा शब्द वाचून लोक नवा एसएमपीएस घेऊन येतात. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. निळी पाटी आली तरी ४१, प्लग उपटला तरी ४१. खरी माहिती डिटेल्सच्या टॅबमध्ये आहे. तिथे बगचेक कोड, म्हणजे निळ्या पाटीचा क्रमांक, शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली किंवा मशीन पार गोठलं. आकडा असेल तर निळी पाटी आली होती. हा आकडा साध्या दशमान पद्धतीत असतो, त्यामुळे इंटरनेटवरच्या सोळामान (हेक्साडेसिमल) पद्धतीतल्या यादीशी जुळत नाही आणि माणूस गोंधळतो. मेमरी मॅनेजमेंटचा इथे २६ दिसतो, ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र चालवणाऱ्या कार्डाचं सॉफ्टवेअर) लटकल्याचा २७८, हार्डवेअरने स्वतः तक्रार केली असेल तर २९२. माझ्या सहा वाजताच्या सगळ्या नोंदींत शून्य होतं.

आधी सहाच्या काळोखाचा निकाल लावला, कारण तो सोपा होता. मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज दबतं. अशा वेळी यूपीएसने बॅटरीवर जायचं असतं. आमचा यूपीएस गेला बॅटरीवर, पण बॅटरीच मेलेली होती. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते आणि तीन-चार वर्षांत ती दम सोडते, उकाड्यात त्याआधीच. हिरवा दिवा मात्र लागत राहतो. तपासायचं असेल तर कॉम्प्युटर काढून यूपीएसला एक टेबललॅम्प लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. आमचा दिवा दीड सेकंद टिकला. बॅटरी बदलली, काळोख संपला.

नव्या यूपीएसवरही वीज जाताच कॉम्प्युटर पडत असेल, तर लोड किती आहे ते बघा. ६०० व्हीएच्या डब्यावर ग्राफिक्स कार्डवालं मशीन, मॉनिटर आणि वर लेझर प्रिंटर लावला तर तो बिचारा काय करणार? प्रिंटर यूपीएसवर लावायचाच नाही.

आता निळ्या पाटीकडे.

पाटी दर वेळी एकच नाव घेत असेल तर तुम्ही नशीबवान. समजा दर वेळी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं नाव येतंय, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" दाबा. तो पर्याय मिटलेला असेल तर ड्रायव्हर पूर्ण काढून कार्डाच्या मूळ कंपनीच्या साइटवरून नव्याने टाका. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून. "तुमचे ३७ ड्रायव्हर जुने आहेत" अशी भीती दाखवणारी फुकट सॉफ्टवेअरं मशीनमध्ये शिरू देऊ नका. मी अशा दोघांना घरातून काढलंय. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर त्यातला एक काढा. हे लोक ड्रायव्हरच्या पातळीवर बसतात आणि तिथे एकाची चूक पूर्ण मशीन खाली आणते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, ते याच कारणाने. तिथे फॉरमॅटची गरज नव्हती, एक फाइल काढायची होती.

संशय ड्रायव्हरवर आहे पण नक्की नाही, तर सेफ मोडमध्ये चालवून बघा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक केलं की तो रस्ता उघडतो. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर असतात. तिथे तासन्तास ठणठणीत आणि बाहेर आल्यावर आडवा, म्हणजे हार्डवेअर बहुधा ठीक आहे. मात्र त्याआधी एक खबरदारी. बऱ्याच नव्या मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप घालणारी सोय) आपोआप सुरू असतं आणि बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जना) किंवा सेफ मोडला हात लावला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधीच कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर घरचेच चोर ठराल.

माझ्या बाबतीत पाटी दर वेळी वेगळं नाव घेत होती. आज मेमरी, उद्या आणखी काही, परवा तिसरंच. निदानाच्या दृष्टीने हेच सगळ्यात बोलकं लक्षण आहे. रोज नवा गुन्हेगार पकडला जातोय म्हणजे ते गुन्हेगार नसून बळी आहेत. सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत ती जमीनच खचतेय, आणि ती जमीन म्हणजे बहुतेक वेळा रॅम, चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी. डम्प फाइल उघडून दाखवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी विंडोजच्या मूळ कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, फाइलवरच बोट ठेवलेलं दिसतं. ते वाचून "विंडोजच करप्ट" असा निष्कर्ष निघतो आणि फॉरमॅट होतो. सापडलेलं प्रेत आणि खुनी यांत फरक असतो.

विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नॉस्टिक मी आधी चालवली. एकही चूक नाही म्हणाली. त्यावर विसंबून मी रॅमवरचा संशय चार दिवस सोडून दिला, हे माझं चुकलं. ती तपासणी वरवरची असते. तिने दोष दाखवला तर खरा माना, नाही दाखवला तर काहीच सिद्ध होत नाही. मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर चढवलं. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यावर लग्नाचे फोटो नाहीत ना ते बघा. मशीन त्यावरून सुरू करून रात्रभर सोडलं. सगळे चार पास (तपासणीच्या पूर्ण फेऱ्या) होऊ द्यायचे, १६ जीबीला काही तास लागतात. सकाळी चहाचा कप घेऊन आलो तर पडद्यावर लाल ओळी. यात एक चूकसुद्धा चालत नाही, "शंभरात दोनच तर आहेत" असा हिशेब इथे नसतो.

लाल ओळी दिसल्या म्हणून लगेच नवी रॅम आणायची नाही. मशीन बंद करा, केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. रॅम काढा, तिच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा कोरड्या कापडाने पुसा, आणि परत बसवताना दोन्ही टोकांची क्लिप टक् करून बसली पाहिजे. हा खोडरबराचा उपाय ऐकून परदेशातले लोक हसतात. हसू देत. आपल्या दमट हवेत निम्म्या "खराब" रॅम एवढ्यावर जिवंत होतात असा माझा अनुभव आहे.

माझी झाली नाही. मग एकेक पट्टी वेगळी तपासली. जुनी ८ जीबी पहिल्या स्लॉटमध्ये, स्वच्छ. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, स्वच्छ. म्हणजे स्लॉट दोन्ही चांगले. गेल्या दिवाळीत घातलेली नवी ८ जीबी पहिल्यात, लाल. दुसऱ्यातही लाल. आता दोषी कोण हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या सुटसुटीत पास होतात पण एकत्र पडतात, असंही होतं. वेगळ्या वेगाच्या, वेगळ्या कंपनीच्या पट्ट्यांचं एकमेकींशी जमत नाही. तेव्हा बायोसमधलं एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने पळवणारी सेटिंग) बंद करून दोघींना हळू चालवून बघा. थोडा वेग गेला तरी संसार टिकतो.

मग फॉरमॅटनंतर आठ-दहा दिवस बरं का चालायचं? माझा अंदाज असा, की नव्या विंडोजवर सामान कमी असतं आणि सदोष भागापर्यंत वापर क्वचितच पोचतो. हळूहळू टॅब वाढतात, सॉफ्टवेअर वाढतं, आणि खड्डा गाठला जातो. याहून वाईट गोष्ट ही की खराब रॅममधून जाणारी प्रत्येक फाइल बिघडू शकते. १२ जूनला कॉपी केलेल्या फोटोंपैकी तीन आजही अर्धे करडे दिसतात. म्हणून रॅम बदलल्यावर विंडोजच्या फायली एकदा तपासून घ्या, आधी नव्हे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि इंग्रजीत टाइप करायचं: प्रथम डीआयएसएम, मग ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द, प्रत्येकाच्या आधी एक जागा सोडून तिरपी रेघ. ते संपलं की एसएफसी, जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ. पहिल्यात आकडा बराच वेळ एका जागी अडकल्यासारखा दिसतो. अडकलेला नसतो, घाबरून खिडकी बंद करू नका.

रॅमच्या वॉरंटीबद्दल एक सांगतो. बऱ्याच कंपन्या रॅमवर फार लांब वॉरंटी देतात, मोबाइलसारखी वर्षभराची नाही. पट्टीवरचं स्टिकर खरवडू नका, बिलाचा फोटो काढून ठेवा. मला पट्टी बदलून मिळाली, पंधरा दिवस लागले एवढंच.

तुमचा रोग यापेक्षा वेगळा असू शकतो, तेव्हा बाकीच्या संशयितांबद्दल थोडक्यात. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पडतो, एरवी दिवसभर नाही? तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो फुकट मिळतं. प्रोसेसर जोरात काम करताना ८०-८५ अंशांपर्यंत गेला तर चालतं, शंभरच्या आसपास घुटमळत असेल तर कॅबिनेट उघडा. आत धुळीची गोधडी निघेल. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने तो सुसाट फिरू देऊ नका. पाच वर्षांत थर्मल पेस्ट बदलली नसेल तर तीही बदला, वाटाण्याएवढी पुरते. तापमान ठीक आणि तरी लोडवर पडतो, तर एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं, त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कोणाकडून चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून आणा आणि लावून बघा. जुना उघडून आत काय आहे ते मात्र पाहायचं नाही, बंद केल्यावरही त्यात जीव घेण्याइतका करंट साठलेला असतो.

पडण्याआधी मशीन मिनिटभर गोठतं, डिस्कचा वापर शंभर टक्के दाखवतं, फोल्डर उघडायला युगं लागतात, तर सगळं सोडा आणि आधी बॅकअप घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघा. "पेंडिंग सेक्टर"समोर "रॉ व्हॅल्यूज"च्या रकान्यात शून्याहून मोठा आकडा असेल तर हार्ड डिस्कचे दिवस भरलेत. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) बॅकअपच्या आधी चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला ती शेवटचा धक्का देते. डिस्क चांगली दिसतेय तर तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून बघा. शे-दोनशे रुपयांच्या केबलपायी लोकांनी डिस्क फेकल्या आहेत.

आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेलचा वरच्या दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट करा. या चिप जास्त व्होल्टेज घेऊन हळूहळू बिघडत होत्या, इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, दुरुस्तीचं मायक्रोकोड (चिपच्या आतला छोटा प्रोग्राम, बायोस अपडेटमधून येणारा) दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट पुढची झीज थांबवतं, झालेली भरून काढत नाही. तेव्हा अपडेटनंतरही पडत असेल तर वॉरंटीत द्या.

यातलं काहीही करा, पण एका वेळी एकच. ड्रायव्हर बदलला, रॅम पुसली आणि अपडेटही काढलं असं एका रविवारी केलंत तर बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळणार नाही. आणि थांबा. तीन दिवसांतून एकदा पडणारं मशीन एक दिवस नाही पडलं तर काही सिद्ध होत नाही. मी प्रत्येक बदलानंतर दहा दिवस धरले होते. वहीत तेही लिहा: अमुक तारखेला अमुक बदललं.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर वहीचं पान, पाटीचे फोटो आणि मिनिडम्पच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन सोबत द्या. "सारखा बंद पडतो" असं सांगू नका, "निळी पाटी, दर वेळी वेगळा कोड, मेमटेस्टमध्ये चुका" असं सांगा. शिवाय एका कागदावर मोठ्या अक्षरांत "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये" लिहून कॅबिनेटला सेलोटेपने चिकटवा. आमच्या कॅबिनेटवर तो कागद अजून आहे.